कुणी २०३२ सोडवतंय, कुणी विकलंय: बॉस्टन की डेन्व्हर?

२०२५-२६ चा सीझन तोंडावर असताना भाच्याचा फोन आला तो थेट मुद्द्यावर. "मामा, ह्या वर्षी बॉस्टन धरू की डेन्व्हर?" पोरगा अकरावीत आहे. पहाटे उठून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघायचं वेड मीच लावलं, त्यामुळे ताईचा रागही माझ्यावरच. आता तिने घरात कायदा केलाय: आठवड्याला एकच मॅच लाइव्ह, बाकी हायलाइट्स. त्यामुळे दोन्ही डगरींवर हात ठेवायची सोय उरली नाही.

मी म्हटलं, "हिशेब बघायचा असेल तर बॉस्टन, खेळ बघायचा असेल तर डेन्व्हर." त्याला हे पुढाऱ्यासारखं उत्तर वाटलं. "एक काय ते सांग ना." एकच सांगायचं तर २०२५ च्या उन्हाळ्यात या दोघांनी काय काय केलं ते समोरासमोर ठेवून बघावं लागेल. आपल्याकडे एनबीए बघणारे बरेच जण याच पेचात आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

हरले दोघंही, पण हरण्याची जात वेगळी

२०२३ चे विजेते डेन्व्हर नगेट्स, २०२४ चे बॉस्टन सेल्टिक्स. २०२५ च्या मे महिन्यात दोघांचाही प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्या; सातपैकी चार मॅच आधी जिंकेल तो पुढे) दुसऱ्या फेरीत निकाल लागला, तोही दोन दिवसांच्या अंतराने.

बॉस्टनने साखळीत ६१ मॅच जिंकल्या होत्या. समोर न्यूयॉर्क निक्स. पहिल्या दोन मॅच बॉस्टनच्या घरच्या मैदानावर, आणि दोन्हींत वीस-वीस गुणांची आघाडी घेऊन हे हरले. पहिल्या मॅचमध्ये ६० थ्री, म्हणजे लांबून घ्यायचे तीन गुणांचे नेम, मारले, पडले १५. म्हणजे ४५ हुकले, प्लेऑफच्या इतिहासात एका मॅचमध्ये कुणाचे इतके हुकले नव्हते. दुसऱ्या मॅचमध्ये शहाणपण यावं की नाही? तिथे ४० मारले, पडले १०. दोन मॅचमध्ये शंभरातले बरोब्बर पंचवीस. आमच्या शाळेच्या ग्राउंडवर सर असते तर शिट्टी फेकून मारली असती: अरे, आत घुस की!

मग चौथी मॅच. आपल्याकडे १३ मेची सकाळ. मी आवाज बंद करून मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवला होता आणि चहा गाळत होतो. जेसन टेटमचे ४२ गुण झालेले, शेवटची तीनेक मिनिटं उरलेली. सुटलेल्या बॉलवर तो झेपावला आणि खाली बसला. त्याला कुणी ढकललं नव्हतं, कुणाचा पायही लागला नव्हता. उजव्या पायाची अकिलीस, म्हणजे टाचेमागची जाड शीर, तुटली होती. आवाज बंद असूनही त्याच्या तोंडावरून कळत होतं. त्याला व्हीलचेअरवरून नेलं. पाचवी मॅच बॉस्टनने त्याच्याविना जिंकली, तीही २५ गुणांनी. सहावी ११९-८१ अशी हरले.

डेन्व्हरची गोष्ट निराळी. साखळीतल्या तीन मॅच उरल्या असताना मालकांनी कोच मायकल मलोन आणि जनरल मॅनेजर कॅल्विन बूथ या दोघांना एकाच दिवशी घरी पाठवलं. ज्या कोचने दोन वर्षांपूर्वी पहिलं विजेतेपद दिलं, त्याला परीक्षेच्या आठवड्यात काढायचं! पण सहायक कोच डेव्हिड ॲडेलमनने ती पडकी गाडी ओढली. क्लिपर्सला सात मॅचमध्ये हरवलं, मग ६८ मॅच जिंकलेल्या ओक्लाहोमा सिटीलाही सातव्या मॅचपर्यंत खेचलं. ॲरन गॉर्डन मांडीमागचा स्नायू फाटलेला असताना त्या सातव्या मॅचला उतरला. मायकल पोर्टर ज्युनियरचा खांदा आधीच गेलेला. निकोला योकिच मॅचमागे चाळीस मिनिटांच्या घरात खेळत होता, आणि एनबीएची मॅच असते ४८ मिनिटांची. निकाल १२५-९३. आपल्याकडे रविवारची रात्र उलटून गेल्यावर ती मॅच सुरू झाली. मी तिसऱ्या क्वार्टरला झोपलो, खोटं कशाला बोलू.

तर बॉस्टन हरलं हट्टाने आणि दुखापतीने. डेन्व्हर हरलं कारण बेंचवर माणसंच नव्हती. पुढचं सगळं या फरकातून निघतं.

एप्रन नावाची भानगड

हे नीट कळल्याशिवाय उन्हाळ्यातला कुठलाच सौदा कळणार नाही, म्हणून इथे दोन मिनिटं जास्त घालवतो.

एनबीएत प्रत्येक टीमच्या पगारपत्रकावर एक मर्यादा असते, सॅलरी कॅप. २०२५-२६ साठी ती सुमारे १५ कोटी ४६ लाख डॉलर. पण ही मर्यादा नावाचीच. आपलेच खेळाडू राखायला ती ओलांडता येते. त्याच्या वर १८ कोटी ७९ लाखांवर लक्झरी टॅक्सची रेषा. त्याच्याही वर दोन रेषा, त्यांना म्हणतात एप्रन. पहिला एप्रन १९ कोटी ५९ लाखांच्या पुढे, दुसरा २० कोटी ७८ लाखांच्या पुढे. नाव स्वयंपाकघरातलं, काम जप्तीच्या बेलिफाचं.

दुसऱ्या एप्रनच्या वर गेलं की पैसे जातातच, शिवाय हातही बांधले जातात. दोन छोटे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही. ट्रेडमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या अदलाबदलीत, दिला त्यापेक्षा जास्त पगार घरात घेता येत नाही. बाहेरचा माणूस घ्यायला किमान पगाराचा करार सोडला तर जवळपास काही उरत नाही. आणि सगळ्यांत बोचरं: सात वर्षांनंतरचा तुमचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिक, म्हणजे त्या वर्षी येणाऱ्या नव्या पोरांतून एक निवडायचा हक्क, गोठवला जातो. तो कुणाला देता येत नाही. पुढच्या चार वर्षांत आणखी दोनदा त्या रेषेवर राहिलात तर तो पिक थेट फेरीच्या तळाला जातो, तुमची टीम त्या वर्षी कितीही रडकी असो.

बॉस्टन २०२४-२५ मध्ये या रेषेवर होतं. म्हणून त्यांचा २०३२ चा पिक गोठला. साध्या मराठीत, २०३२ साल गहाण पडलं.

आणि डेन्व्हरने याच उन्हाळ्यात स्वतःचा २०३२ चा पिक, कसलीही अट न घालता, ब्रुकलिन नेट्स या टीमला देऊन टाकला.

मला ही जोडी बघितल्यापासून चैन नाही. तेच साल, एकाने ते सोडवायला हे वर्ष खर्ची घातलं, दुसऱ्याने या वर्षासाठी ते विकलं. भाचेबुवा, २०३२ ला तू तेवीस वर्षांचा असशील. कुठे नोकरीला असशील देव जाणे, पण डेन्व्हरचा त्या साली येणारा विशीतला पोरगा तेव्हा ब्रुकलिनचा असणार.

बॉस्टन: माळवद उतरवलं, खांब ठेवले

आहे तीच टीम पुढे न्यायची ठरवली असती तर पगार आणि टॅक्स मिळून बॉस्टनचं बिल ५० कोटी डॉलरच्या आसपास गेलं असतं. रुपयांत चार हजार कोटींच्या वर, एका वर्षाचे. टॅक्सही साधा नाही. वर्षानुवर्षं रेषेवर राहणाऱ्याला चढ्या दराने बसतो. टीम विकत घ्यायला नवा मालक बिल चिझम ६१० कोटी डॉलर घेऊन आला होता, म्हणजे घर गरिबाचं नाही. पण टेटम वर्षाचा मोठा भाग बाहेर असताना, जिंकण्याची खात्री नसलेल्या टीमवर चार हजार कोटी? इथे कंजूषपणाचा आरोप करणाऱ्यांचं मला पटत नाही. टेटमचा पाय शाबूत असता तरी दोघातिघांना निरोप द्यावाच लागला असता. दुखापतीने फक्त निरोप देणाऱ्यांची जीभ जड होऊ दिली नाही.

कारभारी ब्रॅड स्टीव्हन्सने जूनमध्येच दोन घाव घातले. पहिला ड्रू हॉलिडे. पस्तिशीतला गार्ड, दोन विजेतेपदं पदरी, पण अजून तीन वर्षांचे दहा कोटी डॉलरहून जास्त देणं. तो गेला पोर्टलंडला आणि बदल्यात आला अँफर्नी सायमन्स, २६ वर्षांचा, मॅचमागे १९ गुण काढणारा, बचावात लोण्यासारखा, आणि करार एकच वर्ष उरलेला. पगारात फरक पन्नास लाखांच्या आसपास, पण खरी कमाई पुढच्या दोन वर्षांची मोकळीक. गंमत म्हणजे हॉलिडे २०२३ मध्येही चार दिवस पोर्टलंडचाच होता: मिलवॉकीने तिकडे पाठवला, तिकडून बॉस्टनला आला. एकही मॅच न खेळता सोडलेल्या गावी आता बिऱ्हाड घेऊन परतला.

दुसरा क्रिस्टाप्स पोर्झिंगिस. आजारपण लांबलेलं, प्लेऑफमध्ये त्याला धाप लागलेली सगळ्यांनी पाहिली. तीन कोटींच्या वर पगार. तो अटलांटाला गेला, आणि हाती आला जॉर्ज नियांग, पगार ऐंशी-ब्याऐंशी लाख. नियांग मॅसॅच्युसेट्सचाच, बॉस्टनपासून तासाभराच्या आतल्या गावचा. गल्लीत पेढे वाटून झाले असतील-नसतील, ऑगस्टमध्ये त्यालाही युटाला रवाना केलं. सेल्टिक्सच्या हिरव्या जर्सीत एक मॅच नाही. ह्या धंद्यात भावनेला किती किंमत आहे ते एवढ्यावरून कळावं.

मग गळती. ल्यूक कॉर्नेट सॅन अँटोनियोला गेला, चार वर्षांचे चार कोटी दहा लाख घेऊन. अल हॉरफोर्ड, वय ३९, गोल्डन स्टेटला. विजेत्या टीमचे तिन्ही उंच गडी एका उन्हाळ्यात गेले. बास्केटखाली आता नेमियास केटा, पोर्तुगालहून एनबीएत पोचलेला पहिला खेळाडू, आणि लुका गार्झा. दोघं मेहनती आहेत. पण समोर योकिच आला तर दोघांना मिळून एक रिबाउंड (हुकून परत आलेला बॉल) मिळेल की नाही, शंका आहे.

मग ठेवलं काय? टेटम, जेलन ब्राउन, डेरिक व्हाइट, आणि बेंचवरचा पेटन प्रिचर्ड, जो २०२५ चा सर्वोत्तम सहावा गडी ठरला आणि पगार मात्र सत्तर-बहात्तर लाख. टेटम आणि ब्राउन दोघांचेही पगार पाच-पाच कोटींच्या पुढे. वाड्याचं माळवद उतरवायचं ठरलं तर खांबाला हात लावायचा नसतो, हे स्टीव्हन्सला कळतं. ब्राउनला विका, व्हाइटला विका असा कोलाहल जूनभर चालू होता. त्याने कानावर घेतला नाही. माझ्या मते या उन्हाळ्यातला बॉस्टनचा सर्वांत मोठा निर्णय हा न केलेला सौदा आहे.

डेन्व्हर: मोठी नोट मोडली

डेन्व्हरला दोन वर्षं हळूहळू उंदीर लागले होते. २०२३ चं विजेतेपद मिळालं त्याच उन्हाळ्यात ब्रूस ब्राउन गेला. नियमांमुळे डेन्व्हरला त्याला वर्षाला अठ्ठ्याहत्तर लाखांवर देता येत नव्हतं आणि इंडियानाने दोन वर्षांचे साडेचार कोटी समोर ठेवले. कुणीही गेलं असतं. जेफ ग्रीन ह्यूस्टनला गेला. पुढल्या वर्षी केंटेव्हियस काल्डवेल-पोप ऑर्लँडोला. दर वेळी डेन्व्हरवाले म्हणाले, पोरं तयार होतील. काही झाली, क्रिश्चन ब्राउन तर छान तयार झाला (ह्या लेखात ब्राउन फार आहेत, इलाज नाही). पण योकिच विश्रांतीला बसला की आघाडी वितळायची ती वितळायचीच. त्याच्या जागी यायला छत्तीस वर्षांचा डीअँड्रे जॉर्डन. मे महिन्यात सातवी मॅच हरल्यावर योकिच स्वतः पत्रकारांना म्हणाला की ज्यांचा बेंच लांब, तेच जिंकताना दिसताहेत. तो माणूस तक्रार करत नाही. एवढं बोलला म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

बेन टेन्झर आणि जोनाथन वॉलेस या दोघा नव्या कारभाऱ्यांनी काय केलं? खिशात एकच पाचशेची नोट आणि बाजार भाजीचा. नोट मोडली. ती नोट म्हणजे पोर्टर ज्युनियर. पगार तीन कोटी त्र्याऐंशी लाख. नेम उत्तम, उंची भरपूर, पण पाठीवर आधीच शस्त्रक्रियांचा इतिहास आणि बचावात भरवसा कमी. तो आणि २०३२ चा पिक ब्रुकलिनला देऊन कॅम जॉन्सन आणला. जॉन्सनचा पगार दोन कोटी दहा लाखांच्या आसपास. गुण दोघांचे मागच्या सीझनला जवळपास सारखेच, अठरा-एकोणीस. जॉन्सन बॉल न रखडवता पुढे देतो आणि बचावात जागेवर असतो. पण खरा फायदा मधल्या एक कोटी सत्तर लाखांचा. त्या सुट्ट्यांतून बाकीची भाजी आली.

योनास वलांच्युनास, ३३ वर्षांचा लिथुआनियाचा धिप्पाड सेंटर, सॅक्रॅमेंटोकडून. त्याला ग्रीसला पनाथिनाइकोसकडे जायचं होतं, डेन्व्हरने करार दाखवून थांबवलं. टिम हार्डवे ज्युनियर किमान पगारावर. आणि ब्रूस ब्राउन, तोच दोन वर्षांपूर्वी गेलेला, किमान पगारावर परत. रुसून गेलेला जावई दिवाळीला बोलावल्याशिवाय आला, असं ताईच्या सासूबाई म्हणाल्या असत्या. मधल्या काळात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, तो २०२३ चा ब्राउन राहिलेला नाही, हेही खरं. पण जॉर्डनच्या जागी वलांच्युनास, एवढ्या एका बदलासाठीही मी डेन्व्हरला पासिंग मार्क दिले असते.

तोटा कुठे? जॉन्सन सालभर धडधाकट राहील असं नाही. ब्रुकलिनला जाऊन पोर्टर मोकळा सुटला तर पंचवीस-पंचवीस गुण काढून जुन्या घराला चिडवेल. आणि २०३२ ला योकिच ३७ वर्षांचा असेल, किंवा सर्बियात सोंबोरला घोड्यांच्या तबेल्यात असेल. या उन्हाळ्यात त्याचा घोडा शर्यत जिंकला तेव्हा तो ढसाढसा रडला. एनबीएचा चषक मिळाला तेव्हा डोळे कोरडेच होते. तो गेल्यावर डेन्व्हर तळाला जाणार हे उघड आहे, आणि तेव्हा तो पिक सोन्याचा होईल. ब्रुकलिनवाले दुधखुळे नाहीत.

तरीही मी हा सौदा केला असता. योकिच तिशीत पोचलाय. तीनदा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू, मागच्या सीझनला सरासरी २९.६ गुण, १२.७ रिबाउंड, १०.२ असिस्ट (ज्यावर लगेच बास्केट होतं असे पास). असा माणूस शहराला एकदाच मिळतो. शिवाय त्याने या उन्हाळ्यात करार वाढवला नाही. पुढच्या वर्षी थांबून केला तर जास्त मिळतात, कारण एवढंच आहे; पण मालकाच्या पोटात गोळा यायला एवढंही पुरतं. असा खेळाडू घरात असताना २०३२ साठी साठवून ठेवणं म्हणजे लग्नघरात पुरणपोळी झाकून ठेवणं.

आणि काहीच केलं नाही तर?

हा तिसरा पर्याय लोक विसरतात. त्याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. सॅक्रॅमेंटो किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळ मुंबईचे. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये त्यांनी आपली टीम आणली, इंडियानाविरुद्ध दोन मॅच झाल्या, दोन्ही हरले, पण भारतात एनबीएच्या मॅच पहिल्यांदा झाल्या त्या तिथे.

हीच टीम १६ सीझन प्लेऑफविना काढून २०२३ ला वर आली. ४८ विजय, पश्चिम विभागात तिसरा नंबर. पहिल्या फेरीत गोल्डन स्टेटशी सातवी मॅच, घरच्या मैदानावर, आणि स्टीफन करीने ५० गुण ठोकले. हरले, पण टाळ्या घेऊन हरले. मग उन्हाळ्यात काय केलं? आपला मोठा खेळाडू डोमांटास साबोनिसचा करार वाढवला, हॅरिसन बार्न्स ठेवला, ट्रे लाइल्स ठेवला, युरोपातून साशा वेझेन्कोव्ह आणला. टीम तीच. पुढल्या वर्षी ४६ विजय. फक्त दोन कमी! पण पश्चिमेत बाकीचे पुढे सरकले होते, किंग्ज नवव्या नंबरवर गेले आणि प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या दारातल्या पात्रता मॅचमध्ये, संपले. डिसेंबर २०२४ मध्ये कोच गेला, फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्य गार्ड डीअॅरन फॉक्सही. तेव्हा स्वस्तात पडलं म्हणून कुणी किंग्जचा कित्ता गिरवू नये.

मग धरायचं कुणाला

खुर्चीत बसून निर्णय घ्यायचा असेल तर बॉस्टनची फाइल जास्त स्वच्छ आहे. टेटम २७ चा, करार २०३० पर्यंत. एक वर्ष हरलो तर हरलो, रेषेखाली राहिलो तर बांधलेले हात सुटतील, गोठलेला पिकही पुढे सुटेल. घाई नाही. डेन्व्हरच्या फाइलवर प्रत्येक पानावर लाल शाई आहे: दोन वर्षांत जमलं तर जमलं. पण दोघांनीही आपापलं घड्याळ ओळखलं. टेटमचा पाय तुटलेला असताना बॉस्टनने डेन्व्हरसारखं केलं असतं तर वेडेपणा, आणि योकिच तिशीत असताना डेन्व्हरने बॉस्टनसारखं केलं असतं तर गुन्हा.

बघणाऱ्याचा हिशेब वेगळा. बॉस्टनमध्ये यंदा जेलन ब्राउन रोज रात्री पंचवीस वेळा बास्केटकडे धावेल, सायमन्स आणि प्रिचर्ड दुरून फेकतील, कोच जो मझूला साइडलाइनवर डोळे वटारून उभा राहील. मजा येईल. पण पहिल्या पाचात कोण आणि बेंचवर कोण हे जानेवारीपर्यंत बदलत राहणार, आणि फेब्रुवारीत सायमन्सलाही बॅग भरायला सांगतील असं मला आतून वाटतं. एकच वर्ष उरलेला करार म्हणजे बाजारात चालणारी हुंडीच.

डेन्व्हरमध्ये मात्र एक गोष्ट दाखवतो. योकिच फ्री थ्रोच्या रेषेपाशी बॉल घेतो, पाठ बास्केटकडे. एका हातात बॉल असा धरतो जसं बाजारात कलिंगड जोखावं. सगळे थांबतात. जमाल मरी त्याच्या अंगावरून घासून जातो, बचाव करणारा त्याच्यामागे वळतो, आणि त्या अर्ध्या क्षणात बॉल मरीकडे नाही, दुसऱ्याच कोपऱ्यातून कापत आलेल्या गॉर्डनच्या हातात असतो. न बघता. मागे या कोपऱ्यात पोर्टर उभा असायचा, बॉल आला की मारायचा, नाही आला तर उभाच. आता तिथे जॉन्सन असेल, आणि तो बॉल परत फिरवेल. याने डेन्व्हरचा खेळ कुठे पोचू शकतो, हे बघायला मी रजा टाकेन.

वेळेचंही बघ, कारण ताईचा कायदा वेळेशी बांधलेला आहे. बॉस्टनच्या घरच्या मॅच बहुतेक आपल्या पहाटे पाचला, आणि नोव्हेंबरात अमेरिकेची घड्याळं मागे गेली की सहाला. डेन्व्हरच्या साडेसहाला, मग साडेसातला. तुझा क्लास सातचा. म्हणजे आठवड्याच्या मधल्या दिवशी डेन्व्हर विसर. पण आठवड्याला एकच बघायची आहे ना? मग रविवारची सकाळ कामाला येते, तिकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. दात घासून, पोहे समोर घेऊन, उजेडात बघता येईल. पहाटे अंधारात पांघरुणाखाली मोबाइल धरून बघण्यात जी चोरटी मजा आहे ती जाईल, पण तुझ्या आईला तेवढंच बरं वाटेल.

तर एक सांगायचं तर डेन्व्हर.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज आहे. त्याच पहाटे पाचला बॉस्टनची पहिली मॅच, फिलाडेल्फियाशी. डेन्व्हरची दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, गोल्डन स्टेटच्या गावी, आणि तिथे समोरच्या बेंचवर तोच अल हॉरफोर्ड दिसेल. क्लासला दिवाळीची सुट्टी आहे, तेव्हा तुझी आठवड्याची एक मॅच शुक्रवारसाठी राखून ठेव. गुरुवारची मी बघणार. मी आदल्या रात्रीच तुमच्याकडे मुक्कामाला येतोय, आठवड्याला एक हा कायदा मला लागू नाही, आणि हॉलमध्ये माझ्या शेजारी कोण येऊन बसतं याला मी जबाबदार नाही. ताईला एवढंच कळवलंय की ओवाळायचं आठनंतर ठेव. कारण विचारलंन, मी फोन ठेवला.